गाठोड्यात काय बांधावे?

भाईंदरमधील एखाद्या गृहसंस्थेच्या फलकावर मराठी सूचना लागते आणि तिच्या शेजारी हिंदीही. दोन्ही एकाच संगणकावर छापलेल्या, लिपीही एकच. तथापि मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीयुक्त व ‘श’ देठयुक्त असावयाचा. हिंदीत रूढ असलेली रूपे निराळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनानेही मराठी रूपांचाच आग्रह धरला. मग संगणकास अक्षरे पुरविणाऱ्या संचात, म्हणजे फॉन्टात, काय घालावे? अनेक प्रोग्रामांनी समाईक वापरावयाच्या आज्ञासंचास लायब्ररी म्हणतात. ती वाटणाऱ्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांनी सांभाळलेला ‘लोहित’ हा मुक्त संच ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पूर्वी मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा एकेका भाषेचा लोहित वेगळा होता. अक्षरे बहुतांशी तीच असल्यामुळे एका जोडाक्षरातील दोष प्रत्येक संचात पुन्हा दुरुस्त करावा लागे. म्हणून सर्वांचा मिळून ‘लोहित देवनागरी’ झाला. मराठी रूपे त्यातच ठेविली. मजकूर मराठी आहे असे प्रोग्रामाने कळविले की ती प्रकट व्हावयाची. न कळविल्यास हिंदी वळण पुढे येते, आणि न कळविणारे प्रोग्राम थोडे नाहीत! डब्यात लाडू आहे, पण झाकण उघडत नाही, अशी गत. आज डेबियन ही संगणकप्रणाली लोहित देवनागरीबरोबर मराठी व नेपाळी हे दोन संच स्वतंत्र गाठोड्यांत देते. ही द्विरुक्ती काटकसरी माणसास खटकेल. परंतु वाचकास आपले अक्षर मिळावे, हे काटकसरीहून मोठे.

लोहित दोन प्रकारे बांधून दिला जातो: वापरणाऱ्यासाठी तयार फॉन्ट, आणि सुधारणा करू इच्छिणाऱ्यासाठी मूळ आराखडे. २०११ पासून त्यास ओपन फॉन्ट लायसन्स लागू आहे. त्याप्रमाणे स्वामित्वाची नोंद व परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर जावाच लागतो. तो गाळून गाठोडे हलके करणे म्हणजे पुढील माणसाचा हक्कच पुसणे होय. कर्त्याचे परवलीचे शब्द, अर्धवट कच्चे खर्डे मात्र घरीच राहावेत. एकदा वाटलेली प्रत परत मागता येत नाही.

चाचणीच्या फायलींविषयी मतभेद आहेत. जो गाठोडे तपासून पुढे देतो त्यास त्या हव्यात, सामान्य गृहस्थास त्यांचा केवळ भार. तो भार नेहमी निरुपद्रवी असतो असेही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरवाट उघडकीस आली. ती चाचणीच्या नमुन्यांत दडविलेली होती, आणि तिला जागे करणाऱ्या ओळी वाटपाच्या गाठोड्यात होत्या. लोकांना खुल्या असलेल्या मूळ भांडारात त्या नव्हत्याच.