विश्व मोठे होत आहे

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक शास्त्रज्ञ असे मानीत की, विश्व आज जेवढे आहे तेवढेच पूर्वीही होते. आइन्स्टाइन यांची समीकरणे मात्र विश्वाला स्थिर राहू देईनात. तेव्हा १९१७ साली खुद्द त्यांनीच समीकरणात एक जादा पद घालून ते स्थिर केले. विश्व प्रसरण पावू शकेल, हे रशियातील फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखविले होते. पण त्या गणिताची दुर्बिणीतून दिसणाऱ्या दीर्घिकांशी सांगड घातली, ती बेल्जियममधील जॉर्ज लमेत्र या धर्मगुरूंनी.

लमेत्र यांचा जन्म १८९४ सालचा. अभियांत्रिकी शिकत असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि ते सैन्यात दाखल झाले. पुढे ते गणिताकडे वळले व १९२३ साली त्यांनी धर्मदीक्षाही घेतली.

रबराच्या पट्टीवर एकेक इंचावर शाईचे ठिपके काढून ती दुप्पट ताणा. पहिल्या ठिपक्यापासून एक इंचावर असलेला ठिपका दोन इंचांवर जाईल. पाच इंचांवरचा मात्र दहा इंचांवर जाईल. जो जितका दूर, तो तितक्या वेगाने दूर सरतो. दीर्घिकांमधील अवकाशही असेच ताणले जात आहे, असे लमेत्र यांनी १९२७ साली मांडले आणि त्या वेगाचे मानही काढले.

पण हा निबंध बेल्जियममधील एका नियतकालिकात, फ्रेंच भाषेत छापलेला! फारच थोड्यांनी तो वाचला. आइन्स्टाइन यांना गणित मान्य झाले, निष्कर्ष मात्र पटला नाही. १९२९ साली अमेरिकेत हबल यांनी निरीक्षणांवरून तोच नियम सांगितला व तो त्यांच्याच नावाने रूढ झाला. १९३१ मध्ये लमेत्र यांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर निघाले; त्यात वेगाच्या मानाचा मजकूर गाळलेला होता. तो कोणी गाळला असावा, यावर पुष्कळ तर्क झाले. २०११ साली जुना पत्रव्यवहार सापडला, तेव्हा कळले की भाषांतरकार लमेत्र स्वतःच होते! नवे आकडे हाती आल्यावर जुने पुन्हा छापण्याचे त्यांना कारण वाटले नव्हते. २०१८ साली ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणण्याची शिफारस केली.

विश्व मोठे होत असेल, तर पूर्वी ते लहान असले पाहिजे. फार मागे गेल्यास सारे द्रव्य एकाच घन गोळ्यात सामावलेले असेल, असे लमेत्र यांनी १९३१ साली सुचविले व त्या गोळ्यास ‘आदि-अणू’ म्हटले. विश्वाला आरंभ असणे अनेकांना रुचले नाही. पुढे १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या अत्यंत क्षीण प्रारणांचा शोध प्रसिद्ध झाला. विश्व एके काळी अतिशय घन व तप्त होते, याची ती खूण होती.

लमेत्र तेव्हा आजारी होते. एका सहकाऱ्याने ही वार्ता त्यांच्या कानी घातली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० जून १९६६ रोजी, ते निवर्तले.