नकाशा कुणी काढायचा?

आमचा शनिवारचा खेळ रात्री साडेआठला सुरू होतो, माझं काम दुपारीच. काम म्हणजे भिंती आखणं. संगणकावर किल्ल्याच्या नकाशाचं चित्र चढवायचं, त्यावर चौकटींची जाळी बसवायची, एक चौकट पाच फुटांची, आणि मग टिचक्या मारत एकेक भिंत ओढत न्यायची. चित्रातली भिंत नुसती शाई असते, तिच्यातून खेळाडूंना आरपार दिसतं. मी आखलेली रेघ नजर अडवते. दार वेगळं आखायचं, खिडकी वेगळी, कारण खिडकीतून दिसलं पाहिजे पण जाता कामा नये. चोरदरवाजा मला दार म्हणून दिसतो आणि खेळाडूंना भिंत म्हणून. दोन रेघांची टोकं जुळली नाहीत तर तेवढ्या फटीतून मशालीचा उजेड पलीकडे सांडतो आणि तिथे दबा धरून बसवलेली मंडळी आधीच उघडी पडतात. चौकोनी खोल्या पटकन होतात. गुहा मात्र जीव खाते. तिची प्रत्येक वेडीवाकडी कड बारीक बारीक तुकड्यांनी आखावी लागते, आणि तुकडे फार झाले की कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपचा पंखा घुरघुरायला लागतो.

हा खटाटोप टेबलटॉप रोलप्लेइंगसाठी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगते. चार-पाच खेळाडू, प्रत्येकाचं एक पात्र, आणि एक डंजन मास्टर, आमच्या बोलण्यात डीएम. आमच्या शनिवारी ती मीच. डीएम सांगतो की समोर काय आहे, खेळाडू सांगतात की आम्ही काय करतो, आणि जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे फासा टाकायचा. दशावतारी नाटकात आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद जागेवर सुचतात. इथे आख्यानही पुरतं ठरलेलं नसतं. जिंकणं-हरणं नाही. संपणंही नाही, कंटाळा येईपर्यंत. या सगळ्याला पूर्वी एक टेबल लागायचं. आता ते पडद्यावर असतं आणि त्याला व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणतात, तोंडी व्हीटीटी.

मला नाद लागला तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या लाल डब्यामुळे. हा डबा निघाला १९८३ साली. आत्तेभावाने अमेरिकेहून येताना आणला आणि दादरच्या आमच्या घरी पडून राहिला. त्यात दोन पुस्तिका, चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे फासे आणि एक मेणाचा खडू. फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले असायचे, ते आपणच खडूने भरायचे. पहिल्या पुस्तिकेत एकट्याने खेळायची गोष्ट होती. तीत अलीना नावाची एक क्लेरिक भेटते, जखमा बऱ्या करते, जवळ बसून चार गोष्टी शिकवते आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या जादूगाराच्या हातून मरते. माझ्या वयाच्या कितीतरी खेळाडूंच्या मनात बार्गल अजून सलतो. नियम समजावण्याच्या नावाखाली इतकं दुःख देणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

त्या काळी प्रत्येक टोळीत दोन कामं वाटून दिलेली असत. एक जण सगळ्यांच्या वतीने बोलायचा: ‘आम्ही डावीकडे जातो.’ त्याला कॉलर म्हणत. दुसरा मॅपर, म्हणजे नकाशा काढणारा. डीएमच्या हातातला खरा नकाशा कुणाला दिसायचा नाही. डीएम तोंडी सांगणार, ‘दहा फूट रुंद बोळ, तीस फूट उत्तरेला जातो, मग पूर्वेला वळतो, वळणापाशी डाव्या हाताला दार,’ आणि मॅपरने ते आलेखाच्या कागदावर उतरवायचं, एक चौकोन दहा फुटांचा. आमच्यात हे काम माझ्याकडे होतं. शाळेच्या भूमितीच्या वहीतली पानं त्यात संपत. पेन्सिलच हवी, कारण तासाभराने बोळ आपण आधी काढलेल्या खोलीच्या पोटात शिरतो आणि भांडण सुरू होतं. तू नीट ऐकलं नाहीस. त्यानेच चुकीचं सांगितलं. की इथला जिना हळूच खाली उतरतो आणि आपण दुसऱ्याच मजल्यावर आहोत? हा तिसरा प्रश्न विचारला गेला की खेळ जमला असं समजावं. मग कुणीतरी जमिनीवर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघायचं म्हणे. त्यासाठी नियम नव्हता. डीएम क्षणभर विचार करी आणि सांगे.

तो क्षणभराचा विचार हाच या खेळाचा कणा आहे, आणि तो डंजन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा कितीतरी जुना आहे. प्रशियाचा एक तरुण लष्करी अधिकारी, धाकटा राइसवित्स, याने १८२४ साली अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळाचे नियम छापले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, फासे, आणि मध्ये एक पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत, आणि शत्रूच्या ज्या तुकड्या खरोखर नजरेच्या टप्प्यात येतील तेवढ्याच पंच नकाशावर मांडी. मी शनिवारी दुपारी भिंती आखून जे साधते ते हेच, दोनशे वर्षांपूर्वीचं. पुढे नियमांची आणि तक्त्यांची इतकी दाटी झाली की १८७६ साली व्हेर्दी दु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने उलट टोक धरलं: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ चालवा. नियम की निवाडा हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. मिटू नये असंच मला वाटतं.

हा पंच अमेरिकेत पोचला तो एका ग्रंथालयातून. चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याचं १८८० सालचं ‘स्ट्रॅटेगोस’ हे पुस्तक मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्ह वेसली या तरुणाच्या हाती लागलं. त्याने १९६९ साली नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या एका काल्पनिक गावाचा खेळ मांडला, आणि सैन्यांबरोबर गावातल्या माणसांच्या भूमिकाही खेळाडूंना वाटल्या. लढाई बाजूलाच राहिली. लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थानं करू लागले. वेसलीला वाटलं की खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातलाच डेव्ह आर्नेसन. त्याने ब्लॅकमूर नावाचा मुलूख रचला आणि एका किल्ल्याखालची भुयारं खेळाडूंना मोकळी केली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातल्या गॅरी गायगॅक्सशी त्याची जोडी जमली, आणि १९७४ साली तीन पातळ पुस्तिकांचा डबा बाजारात आला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती.

गायगॅक्सच्या टेबलावरचे जुने खेळाडू एक आठवण सांगतात. तो फायलींच्या कपाटाआड बसायचा. खेळाडूंना तो दिसायचा नाही, फक्त आवाज यायचा. आमच्या शनिवारी कॅमेरे बंद असतात, कुणी स्वयंपाकघरातून बोलतं, कुणी गॅलरीतून. लोक हळहळतात की ऑनलाइन खेळात चेहरे दिसत नाहीत. मला ते दुःख फारसं नाही.

टेबल पडद्यावर जायला आमच्याकडे साधं कारण होतं: माणसं पांगली. आता दोघं पुण्यात, एक न्यू जर्सीत, एक डब्लिनमध्ये, आणि ठाण्याच्या मैत्रिणीची कॉलेजात जाणारी मुलगी. व्हीटीटींपैकी फँटसी ग्राउंड्स २००४ पासून होतं, रोल-ट्वेंटी २०१२ साली आलं आणि ब्राउझरमध्ये चालू लागलं, फाउंड्री २०२० साली आलं, नेमकं सगळं जग घरात कोंडलेलं असताना. फाउंड्री एकदाच विकत घ्यायचं आणि आपल्या यंत्रावर चालवायचं, ही कल्पना मला आवडली. पण आपल्याकडच्या घरगुती इंटरनेटला बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो. एकाच पत्त्यामागे कंपनी कितीतरी घरं बसवते, त्यामुळे बाहेरच्याला आपल्या यंत्रापर्यंत येताच येत नाही. शेवटी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. वीज गेली तरी किल्ला चालू राहतो, हा त्यातला वरचा फायदा.

वेळेचा घोळ वेगळाच. भारतात घड्याळं मागेपुढे होत नाहीत. न्यू जर्सीत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, डब्लिनमध्ये शेवटच्या. आमचे साडेआठ हिवाळ्यात तिकडचे सकाळचे दहा आणि दुपारचे तीन. उन्हाळ्यात अकरा आणि चार. मधले दोन-तीन आठवडे कुणाचं काय हे कुणालाच आठवत नाही, आणि ड्रॅगनच्या तोंडात अडकलेलं पात्र तासभर तसंच लटकतं.

यंत्र हिशेब उत्तम करतं, यात वाद नाही. कुणाचा वार आधी, कुणाच्या अंगावर किती जखमा, कुणाचा मंत्र अजून टिकून आहे, हे पूर्वी मी कागदाच्या चिटोऱ्यांवर सांभाळायची. आता एका रांगेत दिसतं. मशालीचा लख्ख उजेड वीस फूट आणि अंधूक उजेड त्यापुढे वीस फूट, एल्फला अंधारात साठ फूट दिसतं, हे नियम पुस्तकात होतेच. पण टेबलावर ते कुणी पाळत नसे, कारण चार पात्रांच्या चार नजरा डोक्यात कोण मोजत बसणार? यंत्र प्रत्येकाला त्याच्या पात्राच्या डोळ्यांनी दाखवतं.

त्याचं मोल मला कळलं ते सह्याद्रीतला किल्ला मांडला तेव्हा. आयते विकत मिळणारे नकाशे युरोपी असतात, सरळ रस्ता आणि समोर दरवाजा. मी गोमुखी दरवाजा आखला, रायगडाच्या महादरवाजाच्या धर्तीवर: दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे पुढे आलेले, वाट त्यांच्यामधून वळत जाणारी, आणि दरवाजा बाहेरून अजिबात न दिसणारा. खेळाडू शिड्या, दोर घेऊन तयारीत आले. पडद्यावर त्यांना फक्त दगडी भिंत. वळणात शिरल्यावर एकेकाच्या पडद्यावर दरवाजा उमटला, तेव्हा वरून तिन्ही बाजूंच्या जंग्यांतून मारा सुरू झाला होता. डब्लिनकराने रायगडावर कितीदा तरी ट्रेक केलेला. तो म्हणाला, हा दरवाजा असा का बांधलाय ते मला आज कळलं. मी तोंडाने कितीही वर्णन केलं असतं तरी हे साधलं नसतं.

फाशांचं मात्र काही खरं नाही. रोल-ट्वेंटीवर फाशाचा आकडा प्रकाशझोताच्या शक्तीतल्या अतिसूक्ष्म चढउतारांवरून काढतात. याहून निःपक्षपाती फासा कुणाच्या खिशात नाही. तरी लागोपाठ दोन एक्के पडले की सगळे यंत्राला शिव्या देतात. हातातल्या फाशाला आम्ही शिक्षा करायचो, डब्यात कोंडायचो, दुसऱ्याला हात लावू द्यायचो नाही. आणि डीएमने टेबलावरच्या आडोशामागे उगाचच फासा खुळखुळवायचा, काही कारण नसताना, मग कपाळाला आठ्या घालून वहीत काहीतरी लिहायचं. सगळं टेबल गप्प. हे हत्यार गेलं. यंत्रातला गुप्त फासा आवाजच करत नाही.

त्याहून मोठी गोष्ट गेली ती मॅपर. पडद्यावर कुणी हरवत नाही. नकाशा नेहमी बरोबर असतो, आपोआप उलगडतो, चालून झालेला भाग तसाच राहतो. त्यामुळे प्रश्न कमी झाले. पूर्वी खोलीत शिरलं की पहिलं वाक्य असायचं, ‘काय दिसतं?’ आता आपल्या पात्राचं टोकन सरकवतात. छत किती उंच, वास कसला, भिंत ओली आहे का, हे कुणी विचारत नाही, कारण चित्रात नाही ते खोलीत नाही असं डोळा परस्पर ठरवून टाकतो. आणि विचारलं नाही की मला तो क्षणभराचा विचारही करावा लागत नाही. मी दुपारभर खपून तयार केलेलं बघायला माणसं येतात, बघतात, पुढे जातात. चित्र जितकं सुंदर तितकं बोलणं कमी, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता महागडे नकाशे घेणंच बंद केलं.

पुण्याच्या मित्राला हे पटत नाही. तो आठवडाभर बँकेत आकडे बघतो. त्याचं म्हणणं, शनिवारी मला सुंदर काहीतरी बघायचंय, तुझ्या भूमितीच्या वहीचं कौतुक मला नको. त्याचंही बरोबर आहे. सध्या तडजोड अशी की लढाईला नकाशा, भटकंतीला कोरा पडदा. कोऱ्या पडद्यावर आखायची मुभा एकालाच. ती ठाण्याच्या मुलीने मागून घेतली. तिने लाल डबा पाहिलेला नाही, मॅपर असा काही प्रकार असतो हेही तिला माहीत नव्हतं. पहिल्या रात्री ती माझ्या प्रत्येक वाक्याला अडवत होती: फूट म्हणजे तिरकं मोजायचं की सरळ? माची उतरती आहे का? तुम्ही ‘उजवीकडे’ म्हणालात ते आम्ही चढताना की वळल्यावर? तासाभरात सगळे तिच्या रेघांवर तुटून पडले होते, बँकवालासुद्धा.

पाण्याचं टाकं तिने पूर्वेच्या कड्याला दाखवलंय. माझ्या नकाशात ते पश्चिमेला आहे. न्यू जर्सीवाल्याला शंका आली होती, पण ती ठाम राहिली आणि बाकीच्यांनी तिची बाजू घेतली. पखाली रिकाम्या झाल्यात, तेव्हा येत्या शनिवारी सगळे पूर्वेला निघणार हे ठरलंय. तिकडे मी आजवर काहीच आखलेलं नाही, आणि तो कडा थेट दरीत कोसळतो. दुपारी जरा लवकर बसावं लागेल.