बंगळुरूची सहल : एका दिवशी एकच भाग, खा आणि फिरा

मोठ्या शहराची सहल ठरली की आपल्याकडे आधी यादी तयार होते. सकाळी बाग, मग राजवाडा, मग मंदिर, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी खरेदी. बंगळुरूत ही यादी दुपारपर्यंतच कोलमडते. ठिकाणं एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण मधला रस्ता संपत नाही. टॉमटॉम कंपनीच्या २०२३ च्या वाहतूक अहवालात बंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागतात, असं नोंदवलं होतं. पुणेकरांनी हसू नये, त्याच अहवालात पुणं २७ मिनिटं ५० सेकंदांवर होतं.

अशा कोंडीत गाडीत मुलं कंटाळतात, आजी-आजोबांचे पाय आखडतात, जेवणाची वेळ टळते आणि मग दिसेल त्या हॉटेलात महागडं, बेचव जेवण होतं. सगळ्यांची समजूत काढण्याचं काम बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. म्हणजे तिची सुट्टी होतच नाही.

यावर उपाय सोपा आहे. एका दिवशी शहराचा एकच भाग निवडा. तिथे मेट्रोने जा, पायी फिरा आणि त्याच भागातले लोक जिथे खातात तिथेच खा. बंगळुरूचे जुने भाग यासाठी अगदी सोयीचे आहेत, कारण तिथे बाग, देऊळ, बाजार आणि नाश्त्याची जागा हाकेच्या अंतरावर असतात.

पहिला दिवस : लालबाग आणि बसवनगुडी

मेट्रोच्या ग्रीन लाईनवर लालबाग स्थानक आहे. सकाळी लवकर तिथे उतरून पश्चिमेकडच्या दारातून बागेत शिरा. १७६० मध्ये हैदर अलीने सुरू केलेली आणि टिपू सुलतानाने वाढवलेली ही बाग सुमारे २४० एकरांत पसरली आहे. १८८९ मध्ये पायाभरणी झालेलं काचघर हे तिचं मुख्य आकर्षण. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास इथे फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. फुलांची आवड असेल तर त्या दिवसांत जा, गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा. बागेतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षं जुना आहे. त्यावर केंपेगौडांच्या काळाशी जोडलेला छोटा मनोरा आहे. मुलांना डायनासोरचं वेड असेल, तर हा दगड डायनासोरांपेक्षाही कितीतरी जुना आहे, एवढं सांगा. पुढचे प्रश्न तीच विचारतील.

मुख्य दारातून बाहेर पडलं की मावळ्ळी टिफिन रूम्स म्हणजे एमटीआर जवळच आहे. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या उपाहारगृहाची रवा इडली प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा रव्याची इडली करून पाहिली आणि ती लोकांना आवडली, असं त्यांच्याकडे सांगितलं जातं. सुट्टीच्या दिवशी रांग असते, त्यामुळे मुलांना आधी थोडं काही खायला द्या.

तिथून रिक्षाने बसवनगुडीत या. १८९८ च्या प्लेगनंतर गजबजलेल्या पेठांमधल्या लोकांसाठी मोकळ्या हवेच्या ज्या नव्या वसाहती आखल्या गेल्या, त्यातली ही एक. एकाच दगडात कोरलेला भव्य नंदी असलेलं देऊळ इथे आहे आणि त्यावरूनच भागाला हे नाव मिळालं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी देवळाजवळ शेंगदाण्यांची जत्रा भरते, तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. गांधी बाजारात फुलं, फळं आणि पूजेचं सामान पाहत फिरा आणि १९४३ पासून चालू असलेल्या विद्यार्थी भवनात मसाला डोसा खा. तो जाडसर, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असतो. वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत घेऊन येतात, ते पाहायला मुलांना मजा येते.

पोटात जागा असेल तर संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत जा. हिवाळ्यात तिथे अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचे पदार्थ मिळतात. पावट्याची उसळ खाऊन वाढलेल्या मराठी माणसाला पावट्याचा डोसा नक्की आवडेल.

दुसरा दिवस : मल्लेश्वरम आणि आपला इतिहास

मल्लेश्वरमही १८९८ च्या प्लेगनंतर वसलं. मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्थानकावर उतरा. संपिगे म्हणजे सोनचाफा. रस्त्यांना झाडांची नावं देणारा हा भाग अजूनही सावली टिकवून आहे.

पंधराव्या क्रॉसजवळचं काडु मल्लेश्वर मंदिर मराठी माणसाने चुकवू नये. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने बंगळुरू घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. जिजाऊ आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहिल्याचं इतिहासकार सांगतात. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे, म्हणजे एकोजी, यांनी १६६९ मध्ये या देवळाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले आणि १६८७ मध्ये बंगळुरू मराठ्यांच्या हातून गेलं. शाळेत शिवरायांचा इतिहास शिकणाऱ्या मुलांना ही जागा दाखवा. पुस्तकातल्या ओळीला इथे पत्ता मिळतो. समोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून पाणी शिवलिंगावर पडतं. मातीखाली दबलेलं हे तीर्थ १९९७ मध्ये पुन्हा उजेडात आलं.

खाण्यासाठी देवळाजवळच्या वीणा स्टोअर्सची इडली आणि चटणी, किंवा सीटीआरचा बेण्णे मसाला डोसा. बेण्णे म्हणजे लोणी, त्यामुळे दोघांत एक घेतला तरी चालतो. नंतर आठव्या क्रॉसचा बाजार आहेच.

तिसरा दिवस : कब्बन पार्क ते चर्च स्ट्रीट

पर्पल लाईनवरच्या कब्बन पार्क स्थानकावरून १८७० मध्ये उभ्या राहिलेल्या कब्बन पार्कमध्ये फिरा. एका बाजूला १९५६ मध्ये पूर्ण झालेलं विधान सौध बाहेरून पाहता येतं. समोरची लाल इमारत म्हणजे अट्टारा कचेरी. सरकारची अठरा खाती इथे होती म्हणून हे नाव पडलं, आज तिथे उच्च न्यायालय आहे. जवळच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात विज्ञानाचे प्रयोग मुलांना स्वतः करून पाहता येतात. राईट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृतीही तिथे आहे. किमान दोन-तीन तास हाताशी ठेवा.

संध्याकाळ चर्च स्ट्रीटवर घालवा. जुन्या पुस्तकांची दुकानं आणि कामगारांच्या सहकारी संस्थेचं इंडियन कॉफी हाऊस इथे आहे. थोरांनी कॉफी घेत बसावं, मुलांनी पुस्तकं चाळावीत.

मांसाहार आवडत असेल तर

बंगळुरूत ‘मिलिटरी हॉटेल’ अशी पाटी दिसली की समजा, इथे मांसाहार मिळतो. यातली बरीच जुनी हॉटेलं इथे स्थायिक झालेल्या मराठा कुटुंबांनी सुरू केली. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल हे त्यातलं नावाजलेलं. इथली खासियत म्हणजे दोन्ने बिर्याणी. दोन्ने म्हणजे आपला द्रोण. बारीक तांदळाची, हिरव्या मसाल्याची ही बिर्याणी पानाच्या द्रोणात वाढतात. दुपारी लवकर पोहोचा, उशीर केला तर भांडी रिकामी झालेली असतात.

दर्शिनीत कसं खायचं?

दर्शिनी म्हणजे उभ्याने खाण्याचं स्वच्छ, स्वस्त आणि झटपट उपाहारगृह. १९८० च्या दशकात हा प्रकार शहरभर पसरला. आधी गल्ल्यावर पैसे देऊन कुपन घ्यायचं, ते खिडकीवर द्यायचं आणि ताटली स्वतः उचलायची. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मात्र बसायची सोय असलेली जागा आधीच शोधून ठेवा.

नावांना घाबरू नका. खारा भात म्हणजे उपमा, केसरी भात म्हणजे शिरा आणि दोन्ही एकाच ताटलीत हवे असतील तर चौचौ भात. होळिगे ही पुरणपोळीची सख्खी बहीण. बऱ्याच ठिकाणी सांबारात गूळ असतो, त्यामुळे आमटी खाणाऱ्या मुलांना ते चालतं. एक कॉफी दोघांत हवी असेल तर ‘बाय टू’ म्हणा, कुणी कंजूस समजणार नाही.

पाच शब्द कन्नडचे

सीमाप्रश्नाच्या बातम्या वाचून काहींना वाटतं, मराठी बोललं तर काय होईल? अनोळखी शहरात पाहुण्याने दोन शब्द तिथले बोलले की समोरचा माणूस मोकळा होतो. सक्करे कम्मी म्हणजे साखर कमी. खारा बेडा म्हणजे तिखट नको. बिसी नीरु म्हणजे गरम पाणी. एष्टु म्हणजे किती. आणि शेवटी चेन्नागिदे, म्हणजे छान आहे. तूप तर तिथेही तुप्पच, आणि मोठी बहीण तिथेही अक्काच.

निघण्याआधी

मुक्काम मेट्रो स्थानकाजवळ घ्या. पर्पल आणि ग्रीन लाईन मॅजेस्टिकला एकमेकींना भेटतात आणि मुख्य रेल्वे स्थानकही तिथेच आहे. विमानतळावरून वायु वज्र बस मिळतात. जुनी उपाहारगृहं आठवड्यातून एक दिवस आणि दुपारी काही तास बंद असतात, म्हणून वार आणि वेळ आदल्या रात्री पाहून ठेवा. संध्याकाळी पाच ते आठ रस्त्यावर अडकू नका, तेव्हा बागेत किंवा बाजारात असा.

आणि घरातून निघतानाच कामं वाटून घ्या. तिकिटं एकाने, खाण्याची जागा दुसऱ्याने, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या मुलांनी सांभाळायच्या. मग गरमागरम डोसा समोर आल्यावर आईलाही तो निवांतपणे, गरम असतानाच खाता येईल.