बंदिवान देवमाशांचे भवितव्य

आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळ श्रोत्यांना नवल वाटेल. मुंबईत किंवा तिच्या उपनगरांत बंदिवान देवमासा कोठेच नाही. मग अंधेरीच्या अगर मुलुंडच्या कुटुंबाने त्याच्या भवितव्याची चिंता का वाहावी? याचे उत्तर असे की, या कुळातील प्राण्यांसाठी हौद बांधण्याचे बेत आपल्याकडेही झाले होते, आणि ते सोडून देण्याचा निर्णय आपल्याच सरकारने घेतला आहे. एखादा निर्णय का घेतला गेला हे ज्याला ठाऊक नसते, त्याला तो मोडण्याचा मोह लवकर होतो. म्हणून ती कारणे समजून घेणे इष्ट आहे.

देवमासा नावाने मासा असला तरी जातीने मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते आणि मादी पिल्लाला अंगावर पाजते. डॉल्फिन त्याच कुळातला. आणि ज्याला 'खुनी देवमासा' म्हणतात तो ओर्का हा वस्तुतः डॉल्फिनांपैकीच सर्वांत मोठा. हा प्राणी डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक पाहतो. तो ध्वनी सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य, खडक व सोबती ओळखतो. ओर्कांचे कुटुंब आईभोवती गुंफलेले असते. काही समूहांत तर मुलगे जन्मभर आईची सोबत सोडीत नाहीत. एका दिवसात शंभर किलोमीटरपर्यंत पोहून जाणे त्याला अवघड नाही. अशा प्राण्यासाठी हौद बांधावयाचा म्हटले तर तो केवढा बांधावा?

मनुष्याने हा प्रश्न फारसा विचारला नाही. न्यूयॉर्क येथे बार्नम या तमासगिराने १८६१ साली पांढरे बेलुगा देवमासे आपल्या संग्रहालयात आणून ठेविले; ते फार दिवस जगले नाहीत. १९३८ साली अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात एक मोठे सागरोद्यान उघडले. पाण्याखालील दृश्यांचे चित्रपट घेण्याच्या हेतूने ते बांधले होते, परंतु डॉल्फिनांच्या कसरती पाहावयास लोटणाऱ्या गर्दीनेच ते नावारूपास आले. तेथून ही प्रथा जगभर पसरली.

या उद्यानांच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १९६४ साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला ओर्काची प्रतिमा घडवावयाची होती, व तिच्या नमुन्यासाठी एक ओर्का मारून आणण्यास माणसे धाडली होती. भाला लागूनही तो प्राणी मेला नाही. त्याला ओढून आणले आणि तो सुमारे तीन महिने जगला. तोवर ओर्का म्हणजे दिसताच गोळी घालावी असे श्वापद, अशी समजूत होती. हा मात्र शांत होता, माणसाच्या हातून मासे घेत होता. लोकांची भीती गेली आणि तिच्या जागी कुतूहल आले. हौदांनी मनुष्याला देवमाशाची ओळख करून दिली, हे खरे. परंतु त्या ओळखीची किंमत मनुष्याने दिली नाही, ती देवमाशाने दिली.

ती किंमत किती, हे एका मादीच्या चरित्रावरून कळते. १९७० साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जाळी टाकून ओर्कांची पिल्ले धरण्यात आली. त्यांतील टोकिटे नावाची मादी मायामी येथील सागरोद्यानात आली. तिचा हौद सुमारे ८० फूट लांब व ३५ फूट रुंद होता, आणि ती स्वतः सुमारे वीस फूट लांब होती. या हौदात तिने पन्नासहून अधिक वर्षे काढली. तिला जन्मस्थानच्या समुद्रात परत नेण्याची योजना २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ती हौदातच मेली. मनुष्याला सुबुद्धी झाली खरी, पण तिला उपयोग होईल इतक्या वेळेवर झाली नाही.

लोकमत फिरले ते अशाच घटनांमुळे. २०१० साली फ्लोरिडातील सी वर्ल्ड या उद्यानात टिलिकम नावाच्या ओर्काच्या हातून त्याच्या शिक्षिकेचा मृत्यू झाला. या प्राण्यावरील 'ब्लॅकफिश' हा अनुबोधपट २०१३ साली निघाला आणि सुशिक्षित घरांतून मोठी चर्चा झाली. २०१६ साली त्या कंपनीने ओर्कांची पैदास थांबविल्याचे जाहीर केले. कॅनडाने २०१९ साली देवमासे व डॉल्फिन करमणुकीसाठी बंदीत ठेवण्यास कायद्याने मनाई केली. फ्रान्सनेही २०२१ साली त्यांचे खेळ बंद करण्याचा कायदा केला. याच्या उलट, चीनमध्ये झुहाई येथे २०१४ साली एक प्रचंड सागरोद्यान उघडले. तेव्हा ही प्रथा सर्वत्र मावळत आहे, असे समजून स्वस्थ बसता येणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका करमणूक उद्यानात बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच मरण पावले. पुढे दिल्ली, कोची व मुंबई येथे डॉल्फिनांचे खेळ सुरू करण्याचे बेत बोलले जाऊ लागले, तेव्हा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून अशा केंद्रांना परवानगी न देण्याविषयी राज्यांना कळविले. हा प्राणी इतका बुद्धिमान व संवेदनशील आहे की, त्याला 'मानवेतर व्यक्ती' मानावे असे शास्त्रज्ञांचे मत आहे, याचाही त्यात उल्लेख होता. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी येथे, 'सी वर्ल्ड' नावाचा प्रकल्प योजिला गेला होता. जमिनीच्या प्रश्नावरून तेथील गावकऱ्यांनी त्याला विरोध केला.

परंतु बंदी घातली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. ज्या देशांत हौद आधीच भरलेले होते, तेथे खरी अडचण दारे लावल्यानंतरच सुरू झाली. फ्रान्समधील अँतिब येथील उद्यान २०२५ च्या जानेवारीत बंद झाले, तेव्हा बंदिवासातच जन्मलेली एक ओर्का व तिचा मुलगा मागे उरले. कॅनडातील नायगाराजवळच्या उद्यानात सुमारे तीस बेलुगा उरले होते. ते चीनला विकण्यास २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील सरकारने परवानगी नाकारली, कारण पुन्हा खेळच करावयाचे तर सुटका कसली? पण मग त्यांना पोसावयाचे कोणी आणि कोठे? तिकिटांचे उत्पन्न थांबते, देवमाशाची भूक थांबत नाही.

त्यांना समुद्रात सोडून द्यावे, हे सुचविणे सोपे आहे. केइको नावाच्या ओर्काला कित्येक वर्षांच्या तयारीनंतर २००२ साली आइसलंडच्या समुद्रात मोकळे सोडले. तो नॉर्वेपर्यंत पोहत गेला; परंतु माणसांची सोबतच शोधीत राहिला, आणि २००३ च्या डिसेंबरात मेला. म्हणून आता मधला मार्ग सुचविला जातो. समुद्राची एखादी खाडी जाळीने बंद करावी, तेथे खेळ नसावेत, आणि उरलेले आयुष्य प्राण्याने खऱ्या पाण्यात काढावे. शांघायहून दोन बेलुगा २०१९ साली अशाच आश्रयासाठी आइसलंडला नेण्यात आले. पण अशा जागा थोड्या, खर्च अवाढव्य, आणि जन्मभर हौदात राहिलेल्या प्राण्याला समुद्राची सवय लागण्यास फार काळ लागतो.

आश्रय आणि तमाशा यांतील हा भेद उपनगरवासीयांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काही बिबटे पिंजऱ्यात आहेत. आईवेगळी झालेली पिल्ले किंवा पुन्हा रानात सोडता न येणारे प्राणी तेथे सांभाळले जातात. तो पिंजराही सुखाचा नव्हे. पण त्याचे प्रयोजन प्राण्याची गरज हे आहे, प्रेक्षकाची हौस हे नव्हे. सागरोद्यानांना पुढे काही भवितव्य असेलच, तर ते याच कसोटीवर. जे बंदीत आहेत त्यांचा मरेपर्यंत सांभाळ करावा आणि त्यांच्या जागी नवे आणू नयेत.

आपल्याकडे हौद नाही, हे आपले भाग्य; पण समुद्र आहे, ही आपली जबाबदारी आहे. मुंबईच्या किनाऱ्यालगत आजही रानटी डॉल्फिन वावरतात. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या वाळूवर तीस फुटांहून लांब असा मृत देवमासा लागला, तेव्हा हा प्राणी आपल्या शेजारचाच आहे हे पुष्कळांना प्रथमच कळले. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक जिवंत पिल्लू लागले. गावकरी व सरकारी नोकर यांनी त्याला पाणी घालून, ओढून समुद्रात नेण्याची शिकस्त केली. ते वाचले नाही; पण तिकीट काढून खेळ पाहणाऱ्या हजारोंपेक्षा त्या मूठभर माणसांनी देवमाशाला अधिक ओळखले, असे म्हणावयास हरकत नाही.

दिवाळीच्या सुटीत कित्येक कुटुंबे मालवणास जाऊन होडीतून डॉल्फिन पाहतात. हौदापेक्षा हे शतपटीने बरे. परंतु चार होड्यांनी एका कळपाला घेरून यंत्रांचा गोंगाट केला, तर ध्वनीवर जगणाऱ्या त्या प्राण्याभोवती आपण भिंतच उभारतो. ती दगडाची नसते, एवढाच फरक. तेव्हा नावाड्याला 'आणखी जवळ घ्या' असे सांगण्याऐवजी 'यंत्र बंद करा, थोडे थांबू' असे सांगावे. डॉल्फिन वर आले तर पाहावे, न आले तर परत फिरावे. पाहुणा म्हणून समुद्रावर जाण्याची ही रीत मुलांनी आपल्याकडून शिकली, तर उद्या कोणी हौद बांधावयास निघाले तरी तिकीट घेणारा त्यास मिळणार नाही.