अर्धं गाव कुठे गेलं?

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, वडवणी, धारूर, शिरूर कासार या तालुक्यांतल्या एखाद्या छोट्या गावात जाऊन बघा. दारांना कुलपं, पारावर आजोबामंडळी आणि वर्गात रिकाम्या जागा! बाकीचं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. अशा कोयत्यांची टोळी आणि टोळीचा मुकादम.

पण सगळे एकदम, तेही थंडीच्या तोंडावरच का निघतात? उत्तर उसाच्या कांड्यात आहे.

उसाची पानं साखर तयार करतात. पावसाळ्यात ती बरीचशी वाढण्यातच खर्च होते. थंडी पडली, हवा कोरडी झाली की वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठू लागते. बुडाची कांडी सगळ्यांत जुनी, म्हणून सगळ्यांत गोड. ती वाया जाऊ नये म्हणून कोयता अगदी जमिनीलगत चालवायचा, दिवसभर कमरेत वाकून! शेंड्याला गोडी नसते. त्याला वाढं म्हणतात, ते बैल खातात.

आता खरी गंमत ऐका. ऊस तोडला की त्यातली साखर कमी व्हायला लागते. उसातच ‘इन्व्हर्टेज’ नावाचं विकर असतं. ते साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोन्ही गोडच, पण कारखान्यात त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत. शिवाय ऊस वाळून वजन घटतं ते वेगळंच. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांत गाळायचा. एक टन उसातून साखर निघते साधारण 100 ते 110 किलो. ऊस वेळेत पोचावा म्हणून भर रात्री गाडी आली तरी कोपीतून, म्हणजे झोपडीतून, उठून कुणाची तरी आई डोक्यावर मोळी घेते आणि फळीवरून ट्रकवर चढते. आपल्या चहातल्या साखरेमागे ही माऊली आहे, बरं का!

मग ऊस गावातच का लावत नाहीत? अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवरच बरेचसे रिते होतात. बीडच्या वाट्याला वर्षाला 600-700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. बालाघाटच्या डोंगरावर माती पातळ, खाली काळा बेसाल्ट. उसाला तर 12 ते 18 महिने पाणी लागतं. म्हणून जो पाऊस गावापर्यंत पोचलाच नाही, त्यानं पिकवलेला ऊस तोडायला गाव त्याच्याकडे जातं.

याच खडकाळ उतारावर सीताफळ मात्र खुशाल वाढतं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. फोडून बघा, एकाच फुलातले कितीतरी बीजकोश जुळून ते एक फळ झालेलं असतं. नेमकं टोळ्या निघायच्या सुमारास ते पिकतं!

मागे राहिलेली मुलं आजीजवळ किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. काही आई-बाबांबरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते. ती बुडता कामा नये. प्रत्येक गावात वसतिगृह वेळेवर, टोळ्या निघण्याआधीच सुरू व्हायला हवं.

मार्च-एप्रिलकडे कारखान्याचा ‘पट्टा पडतो’, म्हणजे गाळप संपतं. कुलपं उघडतात, जत्रा भरतात, लग्नं लागतात. आणि सगळ्यांना घाई असते ती मृगाआधी रान तयार करायची, कारण बाजरी आणि कापूस पेरायचा तर पहिल्या पावसावरच.