मागच्या आसाचा हिशेब

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या भूम तालुक्यात, जिथला खवा दूरदूरच्या बाजारपेठांत नावाजलेला आहे आणि तो वेळेत पोहोचविणे हा अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचा प्रश्न आहे, तेथे गाडीचा धनी चढ लागताच इंजिनाकडे कान लावतो. आणि वरच्या गिअरात गाडी ओढेनाशी झाली, खालच्या गिअरात नुसतीच ओरडू लागली, की ‘इंजिनात दम नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. वास्तविक पुष्कळदा दोष इंजिनाचा नसतो. इंजिनाची शक्ती आणि रस्त्याची मागणी यांच्यात तडजोड घडवून आणणारा जो अखेरचा कारभारी, म्हणजे मागच्या आसातील दातेरी चाकांची जोडी, त्याची नेमणूकच त्या मुलखाचा विचार न करता झालेली असते.

या जोडीतील लहान चाकाला पिनियन आणि मोठ्याला क्राऊन म्हणतात. गिअरबॉक्समधून आलेला दांडा पिनियन फिरवितो, पिनियन क्राऊनला फिरवितो आणि क्राऊन डिफरन्शियलच्या द्वारे दोन्ही चाकांना गती देतो. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले असता येणारा आकडा म्हणजे आसाचे गुणोत्तर, कारागिरांच्या भाषेत रेशो. तो आकडा मोठा असेल तर दांड्याला अधिक फेरे घ्यावे लागतात, परंतु चाकाला मिळणारी ओढ वाढते. लहान असेल तर इंजिन शांतपणे चालते आणि इंधन वाचते, मात्र ओढ घटते. हाताने बदलावयाचे गिअर प्रसंगापुरते बदलता येतात. आसाचे गुणोत्तर मात्र पहिल्या गिअरापासून शेवटच्या गिअरापर्यंत सर्वांनाच सारखे गुणते, म्हणून त्याची निवड एकदाच आणि पूर्ण विचारांती करावी लागते.

या निवडीचा उत्तम दाखला आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतून फिरलेल्या जीपगाडीने दिला आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस कंपनीच्या लष्करी जीपमध्ये क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ दाते होते, म्हणजे गुणोत्तर सुमारे ४.८८ पडे. युद्ध संपताच, १९४५ साली, त्याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली, तेव्हा इंजिन जवळपास तेच ठेवूनही आसात ४३ आणि ८ दात्यांची जोडी बसविली आणि गुणोत्तर ५.३८ केले; कारण या गाडीला आता रस्त्यावर नुसते धावावयाचे नव्हते, तर ओझे आणि अवजारे ओढावयाची होती. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत जिची बांधणी दीर्घकाळ केली, त्या सीजे-३बी जातीच्या मूळ विलिस गाडीतही हेच गुणोत्तर होते. दोन्ही जोड्यांतील दात्यांच्या संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्रमाक्रमाने क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज एकाच जागी न साचता सर्वत्र सारखी विभागली जाते.

आता आकड्यांचा जमाखर्च मांडू. जीपच्या जुन्या टायरचा व्यास सुमारे ७२ सेंटीमीटर, म्हणजे परीघ सव्वादोन मीटरांच्या किंचित वर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला १,००० मीटर जाते, तेव्हा चाक सुमारे ४४२ फेरे घेते. वरचा गिअर थेट असल्याने लष्करी आसावर इंजिनाचे फेरे २,१६० च्या आसपास येतात आणि नागरी आसावर २,३८० च्या आसपास. ताशी ८० किलोमीटरला हेच आकडे अनुक्रमे २,८८० आणि ३,१७० होतात. इंजिनाची ओढ सुमारे २,००० फेऱ्यांवर सर्वाधिक होती आणि पूर्ण ६० अश्वशक्ती मिळण्यासाठी ४,००० फेरे लागत. म्हणजे नागरी जीपच्या मालकाने चढावर दहा टक्के अधिक ओढ मिळविली आणि तिची किंमत सपाट रस्त्यावरील आवाज, झीज आणि इंधन यांच्या रूपाने भरली. हा व्यवहार ज्याचा दिवस चढावर जातो त्याला लाभाचा, आणि ज्याचा दिवस महामार्गावर जातो त्याला तोट्याचा.

या हिशेबात टायरचा व्यास विसरला जातो आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. त्याच जीपला ७८ सेंटीमीटर व्यासाचे रुबाबदार टायर चढविले, तर ५.३८ चे गुणोत्तर व्यवहारात पाचाच्याही किंचित खाली उतरते. आसाने दिलेली ओढ टायरने बहुतांशी काढून घेतली, असे होते. उलट पाचवा गिअर ०.८ असलेला गिअरबॉक्स गाडीत असेल, तर ५.३८ चा आस वरच्या गिअरात ४.३ सारखा वागतो, आणि मग चढाची सोय व सपाटीची शांतता ही दोन्ही सुखे बऱ्याच अंशी एकत्र नांदतात. म्हणून केवळ शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा उतरवून घेणे निरर्थक आहे. टायर, गिअरबॉक्स आणि आस यांचा मजकूर एकत्र वाचल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे दोन गिअरांमधील दरी. नेहमीच्या चढावर रहदारी, वळणे आणि ओझे यांमुळे गाडीचा एक स्वाभाविक वेग ठरून गेलेला असतो. तो वेग एका गिअराला फार आणि वरच्या गिअराला थोडा पडला, तर चालक सारखा गिअर पाडतो आणि चढवितो, क्लच तापतो, मन त्रासते. आसाचे गुणोत्तर बदलले की प्रत्येक गिअराची वेगमर्यादा पुढे-मागे सरकते, आणि आपल्या चढाचा वेग एखाद्या गिअराच्या ऐन मध्यावर आणून ठेवणे हेच या निवडीतील खरे कौशल्य आहे.

असा फेरफार करणे मात्र सोपे काम नव्हे. क्राऊन आणि पिनियन यांची जोडी एकमेकांशी जुळवूनच तयार केलेली असते, तेव्हा त्यांतले एकच बदलता येत नाही; दात्यांना रंग लावून त्यांचा स्पर्श नेमका कोठे पडतो हे पाहावे लागते आणि पातळ शिम घालून केसभर अंतरही साधावे लागते, नाहीतर आस आयुष्यभर गुणगुणत राहतो. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत पुढचा आसही त्याच गुणोत्तराचा हवा. गिअरबॉक्सकडून चालणाऱ्या वेगमापकाचा काटा खोटे बोलू लागतो, तोही दुरुस्त करावा लागतो. मूळ बांधणीतील बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, त्यांचीही चौकशी आधी करावी. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आजच्या बहुसंख्य मोटारींना मागच्या आसात ही जोडी नसतेच. जीप, बोलेरो, जुनी पद्मिनी वा ॲम्बॅसॅडर अशा गाड्यांच्या मालकांपुढेच हा प्रश्न उभा राहतो.

अशा मालकाला माझे आग्रहाचे सांगणे इतकेच, की कारागिराकडे जाण्यापूर्वी एक महिनाभर गाडीत वही ठेवावी. कोणत्या चढावर, किती ओझ्यासह, कोणत्या गिअरात, किती वेगाने गाडी चालली आणि सपाट रस्त्यावर ती बहुतेक वेळ कोणत्या वेगाने धावली, याची रोजच्या रोज नोंद करावी. भूमच्या मालकाच्या वहीत जे चढ येतील ते लातूरच्या मालकाच्या वहीत येणार नाहीत, आणि म्हणूनच दोघांचा आस एक असण्याचे कारण नाही. ती वही समोर ठेवून हिशेब केला, म्हणजे मिळणारा आकडा दुसऱ्या कोणाचा उसना घेतलेला नसतो. आपण रोज तुडवीत असलेल्या रस्त्यानेच तो सांगितलेला असतो.