पत्रा फाटणार, हे आधीच कसं कळतं?

देवपूरच्या भांड्यांच्या दुकानात स्टीलचा साधा डबा हातात घेऊन बघा. तळाला कुठेच जोड नाही! सपाट पत्रा डायवर ठेवायचा, वरून पंचने दाबायचा, की डबा तयार. पण पत्रा जास्त ताणला गेला, तर फाटतो. मोठ्या डायला लाखो रुपये लागतात. ती बनल्यावर हे कळून उपयोग काय?

म्हणून आधी चाचणी करतात. पत्र्याच्या कमी-जास्त रुंदीच्या पट्ट्यांवर छोटी वर्तुळं छापतात आणि गोल डोक्याच्या पंचने पट्टी फाटेपर्यंत दाबतात. वर्तुळं लांबट होतात. ५ मिमीचं वर्तुळ ६ मिमी लांब झालं, म्हणजे पत्रा तिथे २० टक्के ताणला.

गंमत पुढे आहे. लांबी वाढताना रुंदी आकसली, तर पत्रा बराच ताण सोसतो. रुंदी अडकून राहिली, तर सगळा ताण जाडीवर येतो. पत्रा पातळ होतो, बारीक खोलगट रेघ उमटते आणि तिथेच तो फाटतो.

हे आकडे आलेखावर मांडले की धोक्याची रेषा मिळते. कीलर आणि गुडविन यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. आता कंप्युटरवर आधी खोटा पत्रा दाबतात. एखादी जागा रेषेच्या वर गेली, तर डिझाइन तिथेच बदलतात.

तुम्हीही करून बघा: प्लास्टिकच्या पिशवीवर पेनाने गोल काढा, हळूहळू ताणा आणि मोबाइलवर फोटो काढत राहा. फाटण्याआधी गोल काय सांगतो, ते दिसेल. आजच्या प्रयोगशाळेतले कॅमेरेही असंच काम करतात.